जुनी छोटी गाडी मुंबईत चालवताना: पर्यावरणाचा हिशेब कसा मांडावा

मुंबईत घरातली पहिली गाडी पुष्कळदा शोरूममधून येत नाही. ती काकांकडून, सासऱ्यांकडून किंवा सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त गृहस्थांकडून येते आणि तिने बहुधा दहा-पंधरा पावसाळे पाहिलेले असतात. गाडी दारात उभी राहिली की पहिला प्रश्न पार्किंगचा असतो. दुसरा प्रश्न, विशेषतः घरात कॉलेजला जाणारे कोणी असेल तर, असा असतो की इतकी जुनी गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे शहराची हवा आणखी बिघडवणे नव्हे काय. त्याच वेळी शेजारचे कोणी सांगतात की नवी गाडी तयार करायला जेवढे प्रदूषण होते तेवढे जुनी गाडी आयुष्यभरात करीत नाही. दोन्ही विधानांत तथ्य आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. आपल्या हातातल्या विशिष्ट गाडीला त्यांपैकी कोणते विधान लागू पडते हे घरबसल्या, साध्या बेरीज-वजाबाकीने आणि गॅरेजच्या एक-दोन फेऱ्यांत कसे ठरवावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे. विचार मुख्यतः ८०० ते १२०० सीसीच्या पेट्रोल गाड्यांचा, म्हणजे मारुती ८००, अल्टो, वॅगन-आर, सँट्रो यांसारख्या गाड्यांचा आहे. डिझेलविषयी पुढे थोडक्यात येईल.

सुरुवातीलाच दोन खतावण्या वेगळ्या ठेवाव्यात. पहिली कार्बन डायऑक्साइडची. हा वायू जाळलेल्या इंधनाच्या प्रमाणात निघतो, तो कोणत्याही फिल्टरने कमी होत नाही, आणि त्याचा परिणाम साऱ्या पृथ्वीच्या तापमानावर होतो. दुसरी खतावणी विषारी धुराची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी यांची. हा धूर इंजिन कोणत्या पिढीचे आहे आणि किती निगुतीने राखले आहे यावर अवलंबून असतो, आणि तो जातो बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसात. पहिल्या खतावणीत उत्तम असलेली गाडी दुसऱ्या खतावणीत अत्यंत वाईट असू शकते. कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या धाटणीच्या भागावर चालणारी जुनी मारुती ८०० याचे चांगले उदाहरण आहे: जेमतेम साडेसहाशे किलो वजनाची ही गाडी पेट्रोल बेताने पिते, परंतु तिच्या सायलेन्सरमागे कोणी उभे राहू नये.

पहिली पायरी: गाडीची इयत्ता ओळखावी

वयापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी धुराच्या सरकारी मर्यादेच्या कोणत्या पिढीची, म्हणजे कोणत्या भारत स्टेज मानकाची, अर्थात बीएस कितीची आहे. ही नोंद आरसीवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकल्यावर बहुधा मिळते. ती न मिळाल्यास नोंदणीच्या सालावरून अंदाज बांधता येतो. मुंबईत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसून धुरातले विषारी वायू बऱ्याच अंशी निवळणारा भाग, बंधनकारक झाला, कारण त्याच वर्षी महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिसे असलेल्या पेट्रोलवर हा कन्व्हर्टर टिकत नाही. पुढे २००१ मध्ये बीएस-२, २००५ मध्ये बीएस-३ आणि १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ ही मानके मुंबईला लागू झाली. मारुती ८०० चे इंजिन बीएस-४ मध्ये बसत नसल्याने तिची विक्री २०१० मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांत थांबली आणि लहान गावांत आणखी काही वर्षे चालू राहिली. देशभर बीएस-४ लागू झाले १ एप्रिल २०१७ रोजी, आणि बीएस-६ तर १ एप्रिल २०२० रोजी.

येथे नवख्या माणसाची एक फसगत होते. मुंबईतल्या आरटीओत, म्हणजे एमएच-०१, ०२ किंवा ०३ क्रमांकाने, २०१२ साली नोंदलेली गाडी बीएस-४ असते. परंतु त्याच साली कोल्हापूर किंवा रत्नागिरीत नोंदलेली गाडी बीएस-३ असण्याची शक्यता राहते, कारण २०१० च्या पहिल्या तेरा शहरांत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर एवढीच नावे होती. गावाहून गाडी आणत असाल तर हे आधी तपासावे.

आता आकडे पाहू. पेट्रोल गाडीला बीएस-३ मध्ये दर किलोमीटरला २.३ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ०.१५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती. बीएस-४ मध्ये ती अनुक्रमे १ ग्रॅम आणि ०.०८ ग्रॅमवर आली. बीएस-६ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १ ग्रॅमच राहिली आणि नायट्रोजन ऑक्साइडांची ०.०६ ग्रॅम झाली. याचा अर्थ असा की पेट्रोलच्या बाबतीत खरी उडी बीएस-३ आणि बीएस-४ यांच्यामध्ये आहे. बीएस-४ आणि बीएस-६ यांच्यातील अंतर कागदावर तरी फारच थोडे आहे. म्हणून २०११ सालची मुंबईची अल्टो, तिचा कन्व्हर्टर शाबूत असेल तर, पुष्कळांना वाटते तितकी गुन्हेगार नाही. उलट २००३ सालची गाडी, कितीही चकचकीत असली तरी, दुसऱ्या खतावणीत मागेच राहणार.

डिझेलचे चित्र नेमके उलटे आहे. तेथे काजळीची मर्यादा बीएस-३ मध्ये ०.०५ ग्रॅम, बीएस-४ मध्ये ०.०२५ ग्रॅम आणि बीएस-६ मध्ये ०.००४५ ग्रॅम अशी उतरत गेली, म्हणजे शेवटच्या एका पायरीवरच ती पाचपटींहून अधिक घटली. जुनी छोटी डिझेल गाडी अ‍ॅव्हरेज उत्तम देत असली तरी दाट वस्तीच्या शहरात ती रोज चालवण्याचे समर्थन मला करता येत नाही.

दुसरी पायरी: अ‍ॅव्हरेज स्वतः मोजावे

आधीच्या मालकाने सांगितलेला आकडा सोडून द्यावा. मुलीच्या गुणांइतकेच आपल्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजविषयी माणसे मनापासून वाढवून बोलतात. पद्धत सोपी आहे. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी आणि मधल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. एका वेळच्या मोजमापावर विसंबू नये. किमान तीन वेळा करून सरासरी घ्यावी. जून ते सप्टेंबरमधली मोजणी वेगळी ठेवावी, कारण पावसाळ्यातली कोंडी आणि सतत चालू असलेला एसी यांमुळे तो आकडा खाली येतो.

गेल्या काही वर्षांत अ‍ॅव्हरेज घटल्याचे जुन्या गाड्यांचे मालक सांगतात, त्याचे एक कारण पंपावरच्या पेट्रोलमधले २० टक्के इथेनॉल हे आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज अशा इंधनावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. त्यामुळे एवढी घट दिसली तर लगेच इंजिन उघडायला देऊ नये. मात्र इंधनाच्या रबरी नळ्या, सील आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे यांच्याकडे वर्षातून एकदा मेकॅनिकने पाहणे आवश्यक आहे. इथेनॉलमुळे जुने रबर लवकर कडक होते व चिरते, आणि झिरपणारे पेट्रोल हे प्रदूषण तर आहेच, शिवाय आगीचा धोकाही आहे.

तिसरी पायरी: वर्षाचे किलोमीटर धरून कार्बनचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरचे वजन पाऊण किलोच्या आसपास असताना वायू त्याच्या तिप्पट कसा, असे वाटू शकते. पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो, म्हणून वजन वाढते. इथेनॉलच्या मिश्रणामुळे लिटरमागचा आकडा किंचित कमी होतो, परंतु अ‍ॅव्हरेजही घटत असल्याने घरगुती हिशेबाला २.३ पुरेसा आहे.

समजा, आपली जुनी गाडी शहरात लिटरला १३ किलोमीटर देते आणि वर्षाला ५,००० किलोमीटर चालते. म्हणजे रविवारी नातेवाइकांकडे, महिन्यातून दोनदा ठाण्याला किंवा पनवेलला आणि गणपतीत एकदा कोकणात. तिला वर्षाला सुमारे ३८५ लिटर पेट्रोल लागेल आणि त्यातून साधारण ८८५ किलो कार्बन डायऑक्साइड निघेल. तिच्याऐवजी लिटरला १८ किलोमीटर देणारी नवी गाडी घेतली, तर हाच आकडा ६४० किलोच्या आसपास येईल. वर्षाची बचत झाली अंदाजे २४५ किलो. पण नवी छोटी गाडी घडवताना, म्हणजे पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, काच, प्लॅस्टिक आणि कारखान्याची वीज मिळून, ५ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आधीच सोडला गेलेला असतो. दरसाल २४५ किलोंच्या बचतीने ते ५ टन फिटायला सुमारे वीस वर्षे लागतील. तोवर ती नवी गाडीही जुनी झालेली असेल.

आता तेच गणित वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या माणसासाठी करावे, जो रोज बोरिवलीहून अंधेरीला किंवा मुलुंडहून बीकेसीला स्वतः गाडी नेतो. त्याची बचत तिप्पट, म्हणजे सुमारे ७४० किलो होते, आणि निर्मितीचे कर्ज सात वर्षांच्या आत फिटते. याच कारणाने, जुनी गाडी ठेवावी की नाही या प्रश्नाचे उत्तर गाडीपेक्षा मालकाच्या वापरावर अधिक अवलंबून आहे. माझा व्यवहारातला ठोकताळा असा आहे की वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरांच्या आत वापर असेल आणि गाडी बीएस-४ असेल तर ती ठेवावी. बारा हजारांच्या पुढे असेल तर बदलाचा गंभीरपणे विचार करावा. मधल्या पट्ट्यात पुढची पायरी काय सांगते ते पाहावे.

विजेवरच्या गाडीशी तुलना करायची असेल तर वीज कोठून येते हे विसरू नये. देशाच्या ग्रिडवरची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मुंबईपुरते बोलायचे, तर तुर्भे (ट्रॉम्बे) आणि डहाणूची औष्णिक केंद्रे कोळशावर चालतात, आणि भिवपुरी, खोपोली, भिरा येथून जलविद्युतही येते. छोटी विजेवरची गाडी चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला १३ युनिटांच्या आसपास घेते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ९० ग्रॅम. आपल्या १३ च्या अ‍ॅव्हरेजच्या गाडीचा आकडा १७७ ग्रॅम आहे. रस्त्यावर धूर शून्य आणि कार्बन निम्मा, हा लाभ मोठा आहे. परंतु बॅटरीमुळे निर्मितीचे कर्जही जास्त असते. जो फार चालवतो त्याच्यासाठीच तो सौदा पर्यावरणाच्या दृष्टीने लवकर फायद्यात येतो.

चौथी पायरी: पीयूसीचा कागद वाचायला शिकावे

बहुतेक माणसे पीयूसीकडे पोलिसांना दाखवण्याचा कागद म्हणून पाहतात. वास्तविक तो आपल्या इंजिनाचा रक्ततपासणी अहवाल आहे, आणि तोही अत्यंत स्वस्त. पेट्रोल गाडीच्या प्रमाणपत्रावर मुख्यतः दोन आकडे असतात: कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचे पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांतील प्रमाण. इंजिन जागेवर संथ चालू असताना बीएस-४ गाडीला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम ही मर्यादा आहे. बीएस-२ व बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. त्याहून जुन्या गाड्यांना तर ३ टक्के आणि १,५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. येथेच लक्षात येईल की दोन गाड्या पीयूसीत सारख्याच 'पास' होऊ शकतात आणि तरी एकीचा धूर दुसरीच्या दसपट असू शकतो. बीएस-४ गाडीची आणखी एक चाचणी इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर धरून होते आणि तीत लॅम्डा नावाचा आकडा ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान यावा लागतो. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण जुळले आहे की नाही हे तो सांगतो.

चाचणीला जाताना गाडी आधी पंधरा-वीस मिनिटे चाललेली असावी. गार इंजिनात कन्व्हर्टर तापलेला नसतो आणि आकडे विनाकारण वाईट येतात. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये पुरती आत गेली आहे की नाही हे स्वतः उतरून पाहावे. एकदा पीयूसी करणाऱ्या एका फिरत्या व्हॅनवर नळी अर्धवट लोंबत असतानाच माझ्या हातात 'उत्तम' प्रमाणपत्र पडले होते. त्या कागदाने दंड वाचला असता, पण गाडीविषयी मला काहीच कळले नसते, म्हणून दुसरीकडे पुन्हा पैसे भरून चाचणी केली आणि हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेच्या अगदी काठावर निघाला. जुनी प्रमाणपत्रे फेकू नयेत. तीन-चार कागद शेजारी ठेवले की आकडे चढत आहेत का हे दिसते, आणि ती चढण मर्यादा ओलांडण्याच्या बरीच आधी दिसते.

बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांचे प्रमाणपत्र एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांचे सहा महिने. ते नसल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पाचवी पायरी: गॅरेजमध्ये काय सांगावे, काय नाकारावे

आकडे वाईट आले तर खर्चाच्या चढत्या क्रमाने जावे. एअर फिल्टर आधी बदलावा. मुंबईत मेट्रोची, पुनर्विकासाची आणि रस्त्यांची कामे जेथे चालू आहेत तेथे तो पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या बराच आधी धुळीने भरतो. त्यानंतर स्पार्क प्लग. प्लग नीट ठिणगी देत नसेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते, आणि ते तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जळून त्याचा आतला जाळीदार ठोकळा वितळवू शकते. म्हणजे थोडक्या पैशांच्या प्लगपायी अनेक हजारांचा भाग जातो. त्यानंतर ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोलचे प्रमाण राखायला मदत करणारा भाग, तपासावा. याला आपल्याकडे सरसकट 'सेन्सर' म्हणतात, म्हणून कोणता सेन्सर ते विचारून घ्यावे. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर स्कॅनर लावल्याखेरीज कोणताही भाग बदलू देऊ नये. आणि आधीच्या मालकाने तो दिवाच काढून ठेवला नाही ना, हेही पाहावे: चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो क्षणभर लागलाच पाहिजे.

धुराचा रंग अजूनही चांगला साक्षीदार आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, बहुधा पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली आहेत. पंधरा वर्षांच्या गाडीत ही दुरुस्ती मोठी असते आणि गाडी ठेवावी की नाही याचा फैसला पुष्कळदा येथेच होतो. सकाळी थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ आणि टपकणारे पाणी यांना घाबरू नये, परंतु इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत झिरपत असल्याचा संशय घ्यावा.

समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे मुंबईत सायलेन्सरचा पाइप आतून सडतो. त्याला पडलेले भोक केवळ आवाजापुरते नसते. ते ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि इंजिन जास्त पेट्रोल सोडू लागते. पावसाळा संपल्यावर गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहून घ्यावी.

एका सल्ल्याला मात्र ठाम नकार द्यावा. जुन्या गाडीचा पिकअप कमी झाला की काही ठिकाणी कन्व्हर्टर कापून त्याजागी साधा पाइप बसवण्याचा प्रस्ताव येतो, आणि काढलेला भाग 'भंगारात देऊन टाकतो' असे सांगितले जाते. त्या भंगारात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, हे सांगितले जात नाही. कन्व्हर्टरशिवाय बीएस-४ गाडी एका दिवसात नव्वदीच्या दशकात जाऊन पोहोचते.

सहावी पायरी: एसीचा गॅस

या पायरीकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. छोट्या गाडीच्या एसीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आर-१३४ए हा वायू असतो. शंभर वर्षांच्या कालावधीत पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. म्हणजे ४५० ग्रॅम वायू गळून गेला तर तो ६४० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा झाला. हे सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे; आपल्या १३ च्या अ‍ॅव्हरेजच्या गाडीने साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर चालावे एवढे. आणि आपल्याकडे दर उन्हाळ्यात 'गॅस टॉप-अप' करून घेण्याची पद्धत आहे. ज्या एसीला दरवर्षी गॅस भरावा लागतो तो एसी दरवर्षी गळतो, याचा विचार होत नाही.

म्हणून गॅस भरण्यापूर्वी गळती कोठे आहे ते शोधून द्यावे असा आग्रह धरावा. पाइपांच्या जोडांवरची रबरी रिंग, कॉम्प्रेसरचे सील आणि पुढचा कंडेन्सर या नेहमीच्या जागा आहेत. उरलेला गॅस हवेत सोडून न देता यंत्राने ओढून घेणारे गॅरेज निवडावे. चौकशी फोनवरही करता येते: 'गॅस रिकव्हरीचे मशीन आहे का?' एवढेच विचारावे.

सातवी पायरी: चाके, वजन आणि वापराची सवय

टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी फार चाललेली नसताना तपासावी आणि ती ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे भरून घ्यावी. हवा भरणारा मुलगा सर्व गाड्यांना एकच आकडा लावतो. हवा कमी असली की चाक जड फिरते, पेट्रोल जास्त लागते आणि रबरही लवकर झिजते. ब्रेक आणि टायर यांच्या झिजेतून उडणारी बारीक धूळ हाही हवेच्या प्रदूषणाचा भाग आहे, आणि तो विजेवरच्या गाडीतही राहतो. येथे जुन्या छोट्या गाडीची बाजू खरोखर भक्कम आहे: सातशे-आठशे किलोंची गाडी थांबवायला आणि वळवायला दीड टनाच्या एसयूव्हीपेक्षा पुष्कळ कमी झीज होते, आणि रस्त्यावर ती जागाही कमी अडवते. डिकीत वर्षभर फिरणारे सामान मात्र उतरवावे.

चालवण्याच्या सवयींपैकी सर्वांत महत्त्वाची सवय न चालवण्याची आहे, आणि ती लांबच्या नव्हे तर जवळच्या अंतरासाठी. कन्व्हर्टर काम करू लागण्यासाठी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापावा लागतो. गल्लीतून निघून दीड किलोमीटरवरच्या मंडईत गेलेली गाडी तो तापण्याच्या आतच बंद होते, परततानाही तेच होते, आणि त्या तीन किलोमीटरांत ती एखाद्या लांब सलग प्रवासाइतका विषारी धूर सोडू शकते. भाजी आणायला पायी किंवा शेअर रिक्षाने जावे आणि गाडी अशा फेऱ्यांसाठी राखावी ज्यांत चार माणसे आहेत, सामान आहे किंवा आजारी माणूस आहे. रोजच्या कामाला लोकल, मेट्रो आणि बेस्ट आहेतच. एकट्याने चालवलेली कोणतीही मोटार, नवी असो वा जुनी, माणशी हिशेबात त्यांच्या जवळपासही येत नाही.

सिग्नलवर इंजिन बंद करावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. छोटे इंजिन जागेवर चालू राहिले तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल घेते. रोजची वीस मिनिटे अशी गेली तर वर्षाला सुमारे ६० ते ९० लिटर होतात. जेथे सिग्नलवर सेकंद दिसतात आणि मिनिटभराहून अधिक थांबायचे आहे तेथे बंद करावे. इंचाइंचाने सरकणाऱ्या कोंडीत करू नये, कारण जुना स्टार्टर आणि बॅटरी यांच्यावर ताण येतो आणि गाडी मध्येच बंद पडली तर मागचे शंभर जण इंजिन चालू ठेवून उभे राहतात.

सीएनजी किट बसवावे का? मुंबईत पंपांचे जाळे आहे आणि धुरातली काजळी नगण्य होते, हे खरे. कार्बनही काहीसा कमी होतो. परंतु मिथेन हा स्वतः तीव्र हरितगृह वायू आहे, म्हणून गळणारे किट लाभ पुसून टाकते. किटची नोंद आरसीवर करून घ्यावी आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर ३ वर्षांनी करावी. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या पंधरा वर्षांच्या गाडीला हा खर्च मी सुचवणार नाही.

जळलेले इंजिन ऑइल गटारात ओतू देऊ नये, कारण पावसाळी गटारे थेट नाले, खाडी आणि समुद्राकडे जातात. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडेच परत द्यावी. गाडी पाइपऐवजी बादलीने धुवावी.

निरोपाची वेळ आणि रीत

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली परिसरातला, १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई करणारा नियम मुंबईला लागू नाही. मात्र जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करणे शक्य आहे का हे तपासण्यासाठी समिती नेमण्यास सांगितले आणि राज्य शासनाने ती नेमली. म्हणून मुदतवाढीवर मोठा खर्च करण्यापूर्वी ताजे नियम पाहून घ्यावेत.

इंजिन ऑइल जळते आहे, पीयूसीचे आकडे दुरुस्तीनंतरही उतरत नाहीत किंवा चासिसला गंज लागला आहे, यांपैकी एक जरी गोष्ट खरी असेल तर नोंदणी वाढवू नये. अशी गाडी स्वस्तात गावाकडे विकणे म्हणजे आपला धूर दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवणे होय. ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्यावी, जेथे ऑइल, कूलंट, एसीचा गॅस आणि बॅटरी आधी वेगळी काढली जातात. केंद्राकडून 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' घ्यावे. नवी गाडी घेताना त्यावर मोटार वाहन करात सवलत मिळते. आरसी रद्द झाल्याची नोंद वाहन पोर्टलवर दिसेपर्यंत सर्व कागद जपून ठेवावेत, फास्टॅग बंद करावा, आणि विम्यावर साठलेला नो क्लेम बोनस पुढच्या गाडीसाठी विमा कंपनीकडून लेखी घेऊन ठेवावा.